गिदोनाचं कातडं आणि सावंतचा एसी

देवाला जाहीरपणे प्रश्न विचारायची वेळ माझ्यावर आयुष्यात एकदाच आली, आणि तो प्रश्न मी ओमानात, मस्कतजवळच्या अल अमेरातमधल्या एका गच्चीवर मेंढीच्या कातड्यामार्फत विचारला.

हसू नका. कातड्याला बायबलचा आधार आहे! जुन्या करारात गिदोन नावाचा एक भला माणूस आहे. देव त्याला म्हणतो, ऊठ, लढाईला जा. गिदोन म्हणतो, जातो की, पण हे तूच सांगतोयस याची खात्री पटव. मी रात्री लोकर जमिनीवर ठेवतो. सकाळी लोकर दवाने भिजलेली आणि जमीन कोरडी असली, तर तुझा होकार. सकाळी तसंच होतं. तरी या गृहस्थाचं समाधान नाही! दुसऱ्या रात्री म्हणतो, आता उलटं करून दाखव, लोकर कोरडी आणि जमीन ओली. देव तेही करतो. वसईला लहानपणी ही गोष्ट ऐकल्यापासून गिदोन मला फार जवळचा वाटत आला आहे, कारण मलाही एकदा सांगून काही पटत नाही. (दुकानात दह्याच्या कपाटासमोर मी इतका वेळ उभा राहतो, की लोक मला किमती विचारतात.)

तर झालं असं. मस्कतच्या गाला भागात एसीचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीत मी नोकरीला होतो. एका सकाळी अर्बाबने, म्हणजे आमच्या ओमानी मालकाने, मला आत बोलावलं. जुन्या व्यापारी घराण्यातला माणूस, हिंदी माझ्यापेक्षा बरी.

"पास्कल! इब्री में नया दुकान खुल रहा है. दुकान के पीछे घर भी है, फॅमिली के लिए. तुम मॅनेजर! यल्ला, सामान बांधो!"

"इन्शाल्ला, अर्बाब," मी म्हणालो.

"इन्शाल्ला नहीं! हां या ना? इतवार सुबह बोलना."

घरी येऊन मी बातमी सांगितली. माझी बायको फिलोमिना भात उपसत होती. तिने मान वर न करता विचारलं, "इब्रीत चर्च आहे?"

"नाही. मिस्सासाठी मस्कतला यावं लागेल. तीन तास गाडीने."

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही ठरवा."

तुम्ही ठरवा! संसार केलेल्या माणसाला या दोन शब्दांचा अर्थ वेगळा सांगायला नको. फिलोमिना गालाच्या चर्चमध्ये मराठी गायनमंडळात पुढे उभी राहून गायची. मॅनेजरची खुर्ची मोठी, पगार मोठा, पण तिचं गाणं बंद. तिला जायचंय का? ते मी विचारलंच नाही; ती आपणहून एवढंच म्हणे, "तुमची नोकरी, तुम्ही बघा." मला जायचंय का? ते मलाच माहीत नव्हतं! आमची तेरा वर्षांची रोशेल म्हणाली, "पप्पा, जस्ट डिसाइड ना." शाळेत सगळा वेळ इंग्रजीत गेल्यामुळे तिचं मराठी जपूनच बाहेर पडायचं. मी दोन रात्री कूस बदलून काढल्या आणि तिसऱ्या सकाळी दात घासताना मला गिदोन आठवला.

आता लोकर आणायची कुठून? कोकराच्या रंगाचं एक स्वेटर होतं, पण त्यावर 'शंभर टक्के ॲक्रिलिक' लिहिलेलं. देवाची अशी फसवणूक बरी नव्हे. गुरुवारी मी थेट अर्बाबच्या केबिनमध्ये गेलो.

"अर्बाब, एक मेंढीचं कातडं मिळेगा? बालों के साथ?"

अर्बाबने चष्मा काढला. "गोश्त नहीं चाहिए?"

"नहीं अर्बाब. सिर्फ कातडं."

"किसलिए?"

मी खोटं बोलत नाही. "इब्री के लिए ही समझो, अर्बाब."

तो एवढा खूश झाला, की खाली जाऊन स्वतःच्या गाडीच्या सीटवर घातलेलं पांढरंशुभ्र, जाड लोकरीचं कातडं त्याने काढून माझ्या हातात दिलं. मॅनेजरच्या खुर्चीवर घालायला मागतोय, अशी त्याची समजूत झाली असावी.

आम्ही दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर राहायचो. त्याच्यावर गच्ची, आणि गच्चीवरच्या एकुलत्या खोलीत सावंत. कुडाळजवळच्या गावचा, एसी दुरुस्त करणारा, बायको आणि लहान मुलगा गावी. गच्चीवर जायचं तर सावंतच्या दारावरूनच जावं लागे. मी कातडं छातीशी धरून पाय न वाजवता निघालो, तर हा दारातच भाजी चिरत बसलेला!

"पास्कल, ह्या काय रे? मेंढरू मारलंस?"

गिदोनाची गोष्ट सांगणं भाग पडलं. मला वाटलं होतं, हा पोट धरून हसेल. तो सुरी खाली ठेवून उभाच राहिला.

"अरे, ह्यो तर कौल!" त्याचे डोळे चमकले. "आमच्या गावात देवाक कौल लावतत. मूर्तीक तांदूळ नायतर फुलांचे कळे लावूचे, उजवो पडलो तर व्हय, डावो पडलो तर नाय! तुमचो गिदोन कोकणातलोच वाटता माका!"

"हे वेगळं आहे सावंत. हे बायबलमधलं आहे."

"पण गाऱ्हाणा घातलंस?"

"म्हणजे?"

"गाऱ्हाणा न घालता कौल? देवाक कळतला कसा, कोण इचारता ता? थांब, वयनीक बोलव!"

मी नको नको म्हणेपर्यंत त्याने जिन्यातून हाका मारून फिलोमिनाला आणि रोशेलला वर बोलावलं. सूर्य डोंगराआड चालला होता. सावंतने कातडं स्वतःच्या हाताने जमिनीवर अंथरलं ("हयसर बरा, भिंतीच्या आडोशाक!"), डोक्याला टॉवेल गुंडाळला, हात जोडले आणि खड्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो जो काय पास्कल तुझ्या पायाशी इलो हा..."

"व्हय म्हाराजा!" हेही त्यानेच म्हटलं, आणि आमच्याकडे रागाने बघितलं. "तुमी म्हणूचा असता ता!"

"...तेका इब्रीक जावचा की नाय, ह्येची काय ती वाट दाखव रे म्हाराजा!"

आणि माझ्या कानांवर विश्वास बसेना. फिलोमिना हात जोडून, अगदी सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

"फिलू!"

"अहो, सवयीने गेलं तोंडातून! आपल्या प्रार्थनेत नाही का, एकाने म्हणायचं आणि सगळ्यांनी उत्तर द्यायचं!"

"लोकर भिजली आणि जमीन सुकी रवली, तर इब्रीक जावचा, असो तुझो हुकूम समजू रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता रोशेलही! तिला मराठीत एवढ्या उत्साहाने बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"आनि येताजाता माझ्या बायको-पोराचीपण काय ती येवस्था कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ए सावंत!" मी ओरडलो. "मध्येच तुझं काय घुसवतोस? प्रश्न माझा आहे!"

"देव आता आयकताच हा," सावंत शांतपणे टॉवेल सोडत म्हणाला, "तर परत परत कित्याक तरास देवचो?"

शुक्रवारी सकाळी उजाडताच मी गच्चीवर धावलो. कातड्यावर हात ठेवला. चिंब! पिळलं तर धार लागली! आणि भोवतालची फरशी? खडखडीत कोरडी! मी तिथेच गुडघ्यांवर बसलो. "फिलू! रोशेल! सावंत! या लवकर! देव बोलला! इब्री! इब्री!"

सगळे धावत आले. सावंत तर नाचायलाच लागला. फिलोमिनाने कातड्याला हात लावला, फरशीला लावला, आणि क्रूसाची खूण केली. तिचा चेहरा मात्र उतरला होता. तेवढ्यात रोशेल वर बघत म्हणाली, "पप्पा, ते पाइप बघा."

कातड्याच्या बरोबर वर, सावंतच्या भिंतीतून, एसीच्या पाण्याचा पाइप बाहेर आला होता. टप्. टप्. प्रत्येक थेंब कातड्याच्या मधोमध.

 एसीच्या सुट्या भागांवर पोट भरणारा मी, आणि एसी दुरुस्त करणारा सावंत, दोघेही त्या पाइपकडे पहिल्यांदाच पाहिल्यासारखे बघत होतो.

"हे धरायचं नाही," फिलोमिना एकदम उत्साहात आली. "देव काय सावंतभाऊंच्या एसीतून बोलतो?"

"वयनी, असा कित्याक म्हणतास?" सावंत दुखावला. "जळत्या झुडपातसून बोललो तो चलता, आनि माझो एसी चलना नाय?" (बायबलमधली मोशेच्या झुडपाची गोष्ट मीच त्याला एका नाताळला सांगितली होती. माणसाने किती बोलावं यालाही मर्यादा हवी.)

शेवटी मीच तोडगा काढला. गिदोनाने दोनदा विचारलं, आपणही दोनदा विचारू. आज रात्री उलटी अट: लोकर कोरडी, जमीन ओली, तर इब्री. सावंतने पाइपखाली बादली लावली, मी कातडं सुकायला कंपाउंडच्या भिंतीवर टाकलं, आणि आम्ही मिस्साला गेलो. ओमानात सुट्टी शुक्रवारची, म्हणून आमचा रविवारही शुक्रवारीच. मी नेहमीप्रमाणे शेवटच्या बाकावर बसलो. पुढून फिलोमिनाचा आवाज येत होता, आणि मी डोळे मिटून देवाला बजावत होतो, की आज रात्री पाइपचा काही संबंध नाही, नीट काय ते सांग.

परत आलो, तर भिंतीवर कातडं नाही!

"मांजर," सावंत म्हणाला. गल्लीत मांजरं इतकी, की माणसांनी त्यांच्या परवानगीने राहावं. फिलोमिनाने तिथल्या तिथे संत अंतोनींचा धावा सुरू केला, कारण हरवलेल्या वस्तू शोधणं हे त्यांचं खातं. मिस्साच्या कपड्यांत आम्ही तिघे आणि बनियनमध्ये सावंत, अशी आमची मिरवणूक भर उन्हात गल्लीभर गाड्यांखाली वाकून बघत निघाली.

कोपऱ्यावरच्या घरातली वयस्क ओमानी आजी दारात आली. काय शोधताय, हे तिने हातानेच विचारलं. माझं अरबी दुकानापुरतं. मेंढीला 'खरूफ' म्हणतात, हे हॉटेलातल्या मेनूवरून माहीत. कातड्याला काय म्हणतात देव जाणे. मी म्हणालो, "खरूफ!" आणि स्वतःच्या पाठीवरून हात फिरवून लोकर दाखवली. मग दोन्ही हात हवेत उडवून दाखवलं, की गेलं!

आजीने छातीवर हात ठेवला. आत वळून अशी काही हाक मारली, की चार धिप्पाड मुलगे बाहेर आले. त्यांनी शेजाऱ्यांना उठवलं. एक पिकअप डोंगराकडे गेला, दुसरा वाळूच्या नाल्याकडे. मी मागून "लोकर! ओन्ली लोकर!" असं ओरडत राहिलो, पण माणुसकी एकदा गाडीत बसून निघाली की थांबवता येत नाही.

संध्याकाळी दार वाजलं. चौघे मुलगे घामाने निथळत उभे, आणि त्यांच्यामध्ये एक जाडजूड, पांढरीशुभ्र, जिवंत मेंढी! मी "मेरा नहीं, मेरा नहीं" म्हणालो. त्यांना वाटलं, मी भिडेने नको म्हणतोय. त्यांनी मेंढी उचलून थेट गच्चीवर नेऊन बांधली, माझ्याशी हात मिळवले, आणि आजीने पाठवलेला खजूर ठेवून निघून गेले.

"पास्कल!" सावंतचा आवाज कापत होता. "देवान कातड्यात आंग भरून परत धाडल्यान!"

मी हसलो नाही. खोटं कशाला सांगू, मलाही ते पटलं होतं! कातडं हरवावं, संतांना हाक मारावी, आणि आख्खी मेंढी हजर! फिलोमिनाही सावंतच्या पायरीवर टेकली. "लोकर तर लोकरच आहे हो," ती हळूच म्हणाली. "अट तीच ठेवू." सावंतने टॉवेल बांधला. छोटं गाऱ्हाणं झालं. (बायको-पोराचं कलम त्याने पुन्हा घातलं; मी आता विरोध करायच्या पलीकडे गेलो होतो.) रोशेल तेवढ्यात मेंढीच्या प्रेमात पडली होती. "पप्पा, शी इज थर्स्टी," म्हणत तिने हाताला लागलेली भरलेली बादली मेंढीपुढे सरकवली.

शनिवारी सकाळी आम्ही तिघे वर गेलो आणि सावंतला हाक मारली. दार उघडलं. मी आधी मेंढीच्या पाठीवर हात ठेवला. कोरडी! ऊबदार, मऊ आणि कोरडी! मग खाली पाहिलं.

फरशी ओली होती. थोडीथोडकी नाही, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओली होती. रात्रीतून एवढं पाणी कुठून आलं, हे वासावरूनच कळत होतं.

"लोकर सुकी, जमीन वली!" सावंतने आरोळी ठोकली. मग रिकाम्या बादलीकडे बघून त्याचा आवाज एकदम खाली आला. "पास्कल... ही बादली माझ्या पाइपाखालची. म्हणजे परत माझोच एसी!"

मी मेंढीपुढे गुडघ्यांवर बसलो होतो. पॅन्ट भिजत होती, पण हात लोकरीतून निघेना. दोनदा विचारलं, दोनदा होकार. गिदोनालाही यापेक्षा जास्त मिळालं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता, पण तो काही होईना.

"तिसऱ्यांदा विचारू," मी म्हणालो. "आज रात्री. फक्त एकदा. कोरड्या जागेवर."

फिलोमिना माझ्याकडे बघतच राहिली. "अहो, देवाने दोनदा हो म्हटलं, तरी तुम्ही तिसऱ्यांदा विचारताय?"

"खात्री नको का?"

"तुम्हाला जायचंच नाहीये," ती म्हणाली. "बरोबर ना?"

आणि मेंढीच्या साक्षीने माझ्या तोंडून निघालं, "तिकडे शुक्रवारी तुझं गाणं ऐकू येणार नाही गं. मी शेवटच्या बाकावर देवासाठी बसतो, असं सगळ्यांना वाटतं. अर्ध्याहून जास्त मी तुझ्यासाठी बसतो."

फिलोमिनाने तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत होती, ते मला अजून नक्की सांगता येत नाही. "मग मला विचारायचं ना! एवढे दिवस वाट बघतेय, आता विचारतील, मग विचारतील. मेंढीला विचारलंत, मला नाही!"

नेमका त्याच वेळी जिन्यात दमदार पावलांचा आवाज आला, आणि दारात साक्षात अर्बाब उभा राहिला! त्याची लाडकी मेंढी शुक्रवारी अमेरातमधल्या त्याच्या वाडीतून पळाली होती. शोधत आलेल्या अर्बाबला गल्लीने एकमुखाने आमच्या गच्चीकडे बोट दाखवलं होतं. आणि इथे त्याला दिसला त्याचा इब्रीचा भावी मॅनेजर, ओल्या पॅन्टमध्ये, त्याच्याच मेंढीला मिठी मारून बसलेला.

"पास्कल," अर्बाब अतिशय हळू म्हणाला, "मैंने तुमको चमड़ा दिया. तुमको अंदर का भी चाहिए था?"

मी उभा राहून सगळं सांगायला लागलो. गिदोन, कातडं, पाइप, मांजर, आजी. सांगताना मलाच ऐकवेना. अर्बाब उन्हाने बेजार होऊन सावंतच्या खोलीत जाऊन खाटेवर बसला आणि मी दारातून बोलत राहिलो. मग मी श्वास घेतला आणि म्हणालो, "अर्बाब, इब्री नहीं जाएगा. माफ करना."

अर्बाबचं लक्षच नव्हतं. तो भिंतीवरच्या एसीकडे बघत होता. "ये मशीन तो बीस साल पुराना है. इतना ठंडा कैसे?"

"भंगारातसून घेतलंय... मतलब, भंगार में से लिया, अर्बाब," सावंत अंग चोरत म्हणाला. "खुद बनाया. रात को बालदी भर पानी देता है."

अर्बाबने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम इब्री जाएगा?"

सावंतच्या हातातली बादली खाली पडली.

पुढचं थोडक्यात. सावंतचा व्हिसा अर्बाबने आपल्याकडे घेतला. इब्रीच्या दुकानात तो मोठा माणूस झाला, आणि मागच्या घरात कुडाळहून त्याची बायको आणि मुलगा आले. कातडंही सापडलं: आजीच्या मागच्या अंगणात मांजर त्याच्यावर व्याली होती, म्हणून तिथेच राहू दिलं. फिलोमिना अजून गाते, मी अजून शेवटच्या बाकावर बसतो.

इब्रीला पहिल्यांदा गेलो, तेव्हा सावंतने दुकानाच्या भिंतीवरचा तो जुना एसी अभिमानाने दाखवला. मी त्याच्याकडे बराच वेळ बघत उभा राहिलो. एसी सावंतचा, पाइप सावंतचा, बादली सावंतची, गाऱ्हाणं सावंतचं! त्या दोन रात्री देव बोलत होता, यात मला आजही शंका नाही. फक्त तो माझ्याशी बोलत नव्हता. माझं काम तिथेही तेच होतं, जे मी गालामध्ये पगार घेऊन करायचो: दुसऱ्याच्या एसीला लागणारा सुटा भाग वेळेवर पुरवणं!